तुळशीला पाणी कोणी घालायचे?

एप्रिलचा पहिला पंधरवडा उलटला की शहरातील कोणत्याही गृहसंकुलाच्या आवारात उभे राहून एकदा वर पाहावे. मजल्यावर मजले, खिडक्यांना लोखंडी जाळ्या, जाळ्यांत ठेवलेल्या कुंड्या आणि कुंड्यांत वाळलेल्या काड्या. या काड्यांपैकी कितीतरी काड्या काही महिन्यांपूर्वी तुळशी होत्या. कार्तिकात त्यांच्याभोवती रांगोळी काढलेली होती, ऊस उभा केलेला होता, चिंचा-आवळे ठेवले होते, मंगलाष्टके म्हटली गेली होती. ज्या रोपाचे घरातील लेकीसारखे लग्न लावले, ते रोप चैत्रात पाण्यावाचून जाते आणि घरातील चार सुशिक्षित माणसांपैकी एकालाही ते कोणत्या दिवशी गेले हे सांगता येत नाही.

दोष उन्हाला देण्याची पद्धत आहे. ऊन काही नव्याने पडू लागलेले नाही. सहा इंची प्लास्टिकची कुंडी, पश्चिमेची खिडकी, खाली तापलेले सिमेंट आणि शेजारी वातानुकूलन यंत्राच्या बाहेरील पेटीतून येणारा गरम झोत, हे सारे तुळशीला मारक आहे यात शंका नाही. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या नाहीत तर रोप बी धरते आणि लवकर म्हातारे होते, हेही अनेकांच्या गावी नसते. तरी खरे कारण याहून साधे आहे. त्या घरात तुळशीला पाणी घालणे हे कोणाचेही काम उरलेले नाही. पूर्वी ते आजीचे होते. स्नान झाल्यावर पहिला तांब्या तुळशीला, मग बाकीचे. त्यासाठी स्मरणपत्र लागत नसे, तक्ता लागत नसे. आज आई म्हणते, मला वाटले बाबांनी घातले असेल. बाबा म्हणतात, कामवाल्या बाईंना सांगून ठेवले होते. बाई म्हणतात, मला कोणी सांगितलेच नाही.

एका कुंडीची ही कथा संपूर्ण घराची कथा आहे. घर म्हणजे केवळ एका छपराखाली राहणाऱ्या माणसांची बेरीज नव्हे. जिथे काही कामे सर्वांची असतात आणि त्यातला वाटा प्रत्येकाला ठाऊक असतो, त्याला घर म्हणतात. अशी सामायिक कामे गेल्या दोन पिढ्यांत एकेक करून घराबाहेर गेली. दळण गिरणीत गेले, लोणची-पापड दुकानात गेले, मुलांचा खेळ शिबिरात गेला आणि गोष्टी मोबाइलमध्ये गेल्या. यातील प्रत्येक गोष्टीमागे सोय होती आणि सोयीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. जात्यावर बसणाऱ्या आजीच्या खांद्यांना विचारले असते तर तिनेही गिरणीलाच कौल दिला असता. पण कामे गेली तेव्हा त्या कामांभोवती होणारे बोलणेही गेले, ही गोष्ट मात्र कोणी लक्षात घेतली नाही. आज आजोबांना विचारावे असे नातवाकडे काही उरलेले नाही. गणित शिकवणीत विचारता येते, इतर सारे पडद्यावर शोधता येते. आजोबा त्याच घरात असतात, दिवाणखान्यात बसून वर्तमानपत्र वाचतात आणि अनावश्यक झाल्यासारखे वागवले जातात.

चैत्राचे वैशिष्ट्य असे की, या महिन्यात आपल्या परंपरेने घर आणि झाड यांची गाठ जागोजागी बांधून ठेवली आहे. पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, हिंग, ओवा यांचा घास. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत झोपाळ्यात बसलेली चैत्रगौर, तिच्यासाठी कैरीची डाळ आणि पन्हे, सुवासिनींची ओटी भिजवलेल्या हरभऱ्यांची, अंगणात चैत्रांगण. देवळात पिंडीवर गळती लावलेली, रस्त्याच्या कडेला पाणपोई. अक्षय्य तृतीयेला उदककुंभाचे दान, आणि त्याच दिवशी परसात आळी करून वेलींचे बी टोचण्याची रीत. खानदेशात हीच आखाजी. त्या दिवसांत सासुरवाशिणी माहेरी येतात आणि निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात. या साऱ्या आचारांत पाणी, सावली आणि मोसमाचे फळ यांचा किती नेमका विचार आहे! उन्हाळा सोसायचा कसा हे शिकवणारे एवढे सुबक पाठ्यपुस्तक क्वचितच सापडेल. आणि ते पुस्तक वर्गात बसून वाचायचे नसून घरातील सर्वांनी मिळून करायचे आहे.

आता पाकिटातले पन्हे मिळते. चैत्रगौरीचे हळदीकुंकू सभागृहात होते. होऊ दे. पण हळदीकुंकवाला इमारतीतील कोणत्या घरांना बोलावणे जाते आणि कोणत्या नाही, याकडे एकदा पाहिले पाहिजे. घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंना, रखवालदाराच्या पत्नीला, पती निवर्तलेल्या शेजारणीला त्या पाटावर जागा नसेल तर चैत्रगौरीच्या आराशीला काही अर्थ राहत नाही. आणि बागेच्या निमित्ताने तर या भेदाची गंमतच उघडी पडते. त्या बाई बहुधा मराठवाड्यातल्या नाहीतर विदर्भातल्या एखाद्या कोरडवाहू गावातून आलेल्या असतात. गवार कधी टोचायची, अंबाडीला पाणी किती, माठाचे बी मातीत किती खोल, हे त्यांना जेवढे कळते तेवढे पदवीधर कुटुंबातील कोणालाच कळत नाही. सज्जातील कुंडीसाठी त्यांचा सल्ला विचारणारी गृहिणी त्या क्षणी जी समरसता साधते, ती व्यासपीठावरील भाषणांत साधत नाही.

सज्जा म्हणावे, तर तो तरी कुठे शिल्लक आहे? बहुसंख्य घरांत तो काचा लावून दिवाणखान्यात घेतला गेला आहे. जागा महाग आहे, हे खरेच. पण ज्या चार फुटांत आजोबा सकाळी उन्हाला बसले असते, नातीने मातीत हात घातले असते आणि चिमण्यांनी पाणी प्यायले असते, त्या चार फुटांत आता दूरचित्रवाणीचा संच आहे. चंगळवाद म्हणतात तो नेहमी मोठमोठ्या दुकानांतून येतो असे नाही. तो असा चार-चार फुटांनीही घरात शिरतो.

जिथे सज्जा किंवा गच्ची आहे, निदान दिवसाचे चार-पाच तास ऊन देणारी खिडकी आहे, तिथे चैत्रात पुष्कळ काही होऊ शकते. बाग म्हटली की नवशिके घर कोथिंबीर आणि मेथीपासून सुरुवात करते आणि पहिल्याच महिन्यात निराश होते. उन्हाच्या तडाख्यात कोथिंबीर लगेच फुलावर जाते, म्हणून तर उन्हाळ्यात तिच्या जुडीचा भाव चढतो. त्यापेक्षा या दिवसांत लाल माठ, राजगिरा, चवळी, अंबाडी लावावी; ही मंडळी उन्हाला भीत नाहीत. भेंडी आणि गवार खोल कुंडीत येतात. काकडी, दोडका, कारले यांना वर चढायला दोरी आणि पायाशी ओलावा हवा. पुदिना व कढीपत्ता आधीपासून असतील तर पुदिन्याला दुपारची सावली द्यावी. न्हाणीघराच्या पाण्यावर अळू वाढवणारी कोकणातील घरे आजही आहेत, आणि त्या अळवाच्या फदफद्यावर वाढलेल्या पिढीला सांडपाण्याच्या पुनर्वापरावर व्याख्यान देण्याची गरज पडलेली नाही.

पाण्याचा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण उन्हाळी बाग मरते ती बहुधा पाण्याच्या अभावाने किंवा अज्ञानाने. पाणी सकाळी लवकर द्यावे, नाही जमले तर सूर्यास्तानंतर; भर दुपारी नव्हे. वरून मातीचा रंग पाहून निर्णय करू नये, बोट पेराएवढे मातीत घालून पाहावे. आत ओल असेल तर थांबावे. कुंडीतील मातीवर वाळलेला पाला, नारळाच्या शेंड्या, उसाचे चिपाड असे काहीही दोन बोटे जाड पसरले की ओल टिकते. शेतकरी याला आच्छादन म्हणतो. कुंड्या तापलेल्या लादीवर थेट न ठेवता विटांवर ठेवाव्यात आणि एकमेकींना चिकटून ठेवाव्यात, म्हणजे एकीची सावली दुसरीला मिळते. गावी जायचे असेल तेव्हा जुना उपाय करावा. मोठ्या कुंडीच्या मधोमध लहानसे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरून ठेवावे व वर झाकण घालावे. मडके पाझरते आणि मुळे त्याच्याकडे वळतात.

टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या वसाहतींत बाग कशी करावी, हा आक्षेप रास्त आहे. ज्या तालुक्यांत माणसाला हंडाभर पाणी दुरून आणावे लागते, तेथील माणसाच्या कानावर शहरातील गच्चीवर नळीने पाणी मारल्याचा आवाज जाऊ नये. पण तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेले पाणी रोज प्रत्येक स्वयंपाकघरातून मोरीत जाते. पाणी शुद्ध करणारे यंत्र शुद्ध पाण्याबरोबर बरेचसे पाणी टाकून देते. त्यात क्षार अधिक असतात, म्हणून ते साध्या पाण्यात मिसळून वापरावे, एकट्या त्याच पाण्यावर रोप ठेवू नये. एवढ्या पाण्यावर आठ-दहा कुंड्या सहज निघतात. ज्या घरात मूल तांदळाचे धुवण पातेल्यात धरून सज्जाकडे जाते, त्या मुलाला पाण्याची किंमत पुन्हा शिकवावी लागत नाही.

राहिला प्रश्न मातीचा आणि खताचा. येथे घर, बाग आणि नागरी कर्तव्य या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार कचराभूमीला आग लागली. कित्येक दिवस तिच्या धुराने उपनगरांना घेरले, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या शिवारात ओतला गेला. त्यांच्या विहिरी नासल्या आणि ग्रामस्थांना पुन्हा पुन्हा कचऱ्याच्या गाड्या अडवाव्या लागल्या. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करावा असे २०१६ च्या केंद्रीय नियमांनी सांगितले. नियम झाला, पण कितीतरी सुसंस्कृत घरांत तो रंगीत डबे विकत घेण्यापलीकडे गेला नाही. आपल्या घरातील भाजीची देठे, केळीची साले आणि देवाचे निर्माल्य परक्या गावाच्या माथी मारून आपण ‘स्वच्छ’ राहतो, याचा संकोच वाटला पाहिजे.

त्यावरचा उपाय अवघड मुळीच नाही. बुडाला व बाजूंना भोके पाडलेली बादली किंवा टोपली, तळाशी वाळलेला पाला, वर रोजचा बारीक चिरलेला ओला कचरा, त्यावर पुन्हा पाला किंवा कोकोपीट, आणि विरजण म्हणून थोडे आंबट ताक. शिजलेले तेलकट अन्न त्यात टाकू नये. उन्हाळ्यात ढीग लवकर कोरडा पडतो, म्हणून मधूनमधून पाणी शिंपडून खालीवर करावे. दीड-दोन महिन्यांत मातीचा वास येणारे काळे खत मिळते. दुर्गंधी आलीच तर ओले जास्त आणि कोरडे कमी झाले, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांना देशी गायीचे शेण व गोमूत्र मिळू शकते त्यांनी जीवामृतही करावे. सुभाष पाळेकर यांनी दोनशे लिटर पाण्याला दहा किलो शेण, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन असे जे प्रमाण सांगितले, ते दहा लिटरच्या बादलीला अर्धा किलो शेण आणि शंभर-शंभर ग्रॅम गूळ व बेसन इतके होते; त्यात गोमूत्र पाव ते अर्धा लिटर आणि मूठभर चांगली माती. हे मिश्रण रोज काठीने ढवळण्याचे काम सहा वर्षांच्या मुलाला द्यावे. ढवळणे आणि नाक मुरडणे, दोन्हींत त्याला सारखाच आनंद होतो.

या विषयात महाराष्ट्राला बाहेरून गुरू आणण्याची आवश्यकता नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक लिहून ठेवले. सूर्यप्रकाशाचा हिशेब मांडून, पालापाचोळ्यातून माती घडवून, दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब कसे जगेल याचा विचार ते करीत राहिले. २००१ साली ते गेले, पण मुंबई-पुण्याच्या गच्च्यांवर आज जी भाजी दिसते तिच्यातील पुष्कळशी त्यांच्या विचाराची लेकरे आहेत. त्यांनी चळवळीला नाव देताना संस्था, मंडळ, महासंघ असले काही न निवडता ‘परिवार’ हा शब्द निवडला, याकडे लक्ष द्यावे. हिंगोली जिल्ह्यातील कडोळीचे नानाजी देशमुख चित्रकूटला ग्रामविकासाच्या कामाला लागले, तेव्हा त्यांनीही खेड्यात एकटा कार्यकर्ता न पाठवता समाजशिल्पी दाम्पत्य पाठवले. घर करून राहणारा माणूसच दुसऱ्याच्या घरात बदल घडवू शकतो, हे त्यांनी ओळखले होते. १९६५ च्या एप्रिलमध्ये पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी मुंबईतील चार व्याख्यानांत एकात्म मानवदर्शन मांडले. व्यष्टी, समष्टी, सृष्टी आणि परमेष्टी यांच्या अतूट नात्याची ती मांडणी बौद्धिकांतून असंख्य वेळा सांगितली गेली आहे. एक कुंडी, तिच्याभोवतीची तीन पिढ्यांची माणसे, तिच्यातील गांडूळ आणि तिच्यापुढे सायंकाळी लावलेले निरांजन एवढ्यात ती पाहताही येते.

आणि येथेच कार्यकर्त्यांविषयी दोन शब्द स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. विजयादशमी २०२५ ला संघाने शंभर वर्षे पूर्ण केली. कुटुंब प्रबोधन, पर्यावरण, नागरी कर्तव्य हे पंच परिवर्तनातील विषय घरोघर पोहोचवण्यासाठी असंख्य कार्यकर्ते झटत आहेत. भाषा, भूषा, भोजन, भजन, भवन, भ्रमण हे सहा ‘भ’ त्यांना तोंडपाठ आहेत. पण जो इतरांच्या घरी जाऊन एकत्र भोजनाचे महत्त्व सांगतो त्याच्या स्वतःच्या घरी रात्रीचे ताट किती वेळा झाकून ठेवलेले असते? एप्रिल-मे हे वर्गांचे दिवस. तो पंधरा-वीस दिवस घराबाहेर असतो. त्याचे जाणे आवश्यकच आहे. त्याच्या जाण्यावर तर संघटना उभी आहे. पण मागे राहिलेल्या घरात कोणते काम कोणाचे हे तो ठरवून जातो का? बहुतेक घरांत ते न ठरवताच गृहिणीच्या अंगावर पडते. पाणी, मुलांची सुटी, सासू-सासऱ्यांची औषधे, लग्नसराईतील आहेर आणि शिवाय तुळस. तिने याबद्दल कधी तक्रार केली नाही, म्हणून तिची तक्रार नाही असे धरून चालण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. प्रवासाची पिशवी भरण्यापूर्वी कार्यकर्त्याने एक तास घरात बसून मुलगा, मुलगी, आई-वडील आणि पत्नी यांच्याबरोबर बागेच्या कामांची वाटणी केली, तर तेही कुटुंब प्रबोधनाचेच काम होईल. मुलग्यानेही पाणी घालावे, केर काढावा. बाग ही मुलींची आणि बायकांची हौस आहे ही समजूत आपल्या परंपरेतील नव्हे.

वृक्षारोपणाविषयीही थोडे. ५ जूनला आणि नंतर पावसाळाभर शाखा-शाखांतून, संस्था-संस्थांतून रोपे लावली जातात, छायाचित्रे निघतात, आकडे कळवले जातात. त्या रोपांची खरी परीक्षा जुलैत होत नाही; तेव्हा दगडावरही हिरवे उगवते. ती होते एप्रिलमध्ये. गेल्या पावसाळ्यात लावलेल्यांपैकी किती रोपे आज उभी आहेत, हा आकडा जर अहवालात मागितला जाऊ लागला तर लावण्याचे आकडे आपोआप कमी होतील आणि झाडे वाढतील. एका कुटुंबाने एका झाडाचे दोन उन्हाळ्यांचे पालकत्व घेतले, सुटीच्या दिवशी सगळे मिळून दोन बाटल्या पाणी घेऊन त्याच्यापर्यंत चालत गेले, तर सहा ‘भ’पैकी भ्रमणही त्यात साधेल.

बागेने घर भाजीबाबत स्वयंपूर्ण होईल असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. दहा कुंड्यांतून आठवड्याला एखादी माठाची जुडी, चार-सहा भेंड्या, फोडणीपुरता कढीपत्ता आणि गजऱ्यापुरता मोगरा मिळेल. खर्चाचा हिशेब मांडला तर मंडईतील भाजी स्वस्तच पडेल. जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागतील, कबुतरे कोवळे शेंडे तोडतील, खालच्या मजल्यावरचे गृहस्थ पाणी ठिबकते म्हणून तक्रार घेऊन येतील. त्यांची तक्रार ऐकावी, कुंडीखाली ताटली ठेवावी आणि पहिल्या भेंड्या त्यांच्याकडे पाठवाव्यात. पिठ्या ढेकणासाठी पाण्याचा जोरदार फवारा, मग कडुनिंबाच्या तेलात थोडा साबण मिसळून केलेली फवारणी, तीही सायंकाळी. कबुतरांवर मात्र खात्रीचा उपाय अजून सापडलेला नाही.

सुरुवात अक्षय्य तृतीयेला करावी. दोडक्याचे बी आदल्या रात्री पाण्यात भिजवावे, सकाळी खोल कुंडीत बोटाच्या एका पेराएवढे पुरावे, आणि ते कोणाच्या हाताने पुरायचे यावरून घरात भांडण झाले तर होऊ द्यावे. आठवडाभरात अंकुर वर येतो. बाबा वर्गाहून परत येईपर्यंत वेल जाळीवर चढू लागलेला असतो, आणि मृगाच्या सुमारास पिवळी फुले येतात. पहिली फुले बहुधा नर असतात व गळून पडतात. मुले घाबरून धावत येतात, वेल रोगट झाला म्हणतात. ते मोबाइलवर शोधण्यापूर्वी त्यांना आजीकडे पाठवावे. मादी फुलाच्या मागे इवलासा दोडका आधीपासूनच असतो, हे तिला ठाऊक असते.